टू-स्ट्रोक: मैदानातली आणि गल्लीतली

सत्तरी ओलांडलेल्या, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि आयुष्यभर पाचवी ते दहावीला मराठी-इतिहास शिकवलेल्या बाईने मोटारसायकलच्या इंजिनावर लिहावं का, असा प्रश्न कुणाला पडेल. पडू दे. मुंबईच्या उपनगरांत पन्नास वर्षं काढलेल्या कुणालाही या विषयावर बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं. गाडी ज्याची असेल त्याची असो, तिचा धूर आपण सगळ्यांनी वाटून घेतलेला आहे. शिवाय मी स्वतः बावीस वर्षं टू-स्ट्रोक चालवलेली आहे. आधी लूना, मग कायनेटिक होंडा. मुलुंड पूर्व ते भांडुप, जाऊन येऊन, पावसाळा धरून.

विषय निघाला तो दोन बाजूंनी, आणि गंमत म्हणजे एकाच महिन्यात. माझ्या धाकट्या बहिणीचा नातू चिंचवडला असतो. वय वर्षं सोळा. तो मोटोक्रॉस करतो, म्हणजे मातीच्या चढउतारांवरून, उड्या मारत गाडी पळवण्याची शर्यत. लहानपणी ८५ सीसीची टू-स्ट्रोक, मग १२५ सीसीची टू-स्ट्रोक, आणि आता सगळे म्हणतात की २५० सीसीच्या फोर-स्ट्रोकवर जायला हवं, नाहीतर मागे पडशील. बहिणीच्या मुलाचं लहानसं वर्कशॉप आहे. गाडी बदलायची म्हणजे त्याला कर्ज काढावं लागणार. त्यावरून घरात रोज वाद.

दुसरी बाजू आमच्या बिल्डिंगमधली. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने १९९३ सालची यामाहा आरएक्स १०० विकत घेतली आहे. लाखाच्या वर पैसे मोजून! इंजिन नव्याने बांधलं, रंग दिला, मूळचा सायलेन्सर काढून 'चेंबर' लावला. रोज रात्री दहाच्या सुमारास तो क्लासहून परत येतो तेव्हा नवघर रस्त्यापासून आम्हाला वर्दी मिळते. गाडी बंद झाल्यावरही जिन्यात निळा धूर बराच वेळ रेंगाळतो. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना दमा आहे, ते खिडकी लावून घेतात. सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा निम्मी सभा चिडलेली आणि निम्मी सभा (यात पन्नाशीतले गृहस्थच जास्त) डोळे मिटून कॉलेजच्या आठवणीत गेलेली. "बाई, तो आवाज! त्या आवाजाला तोड नाही."

या दोन्ही भांडणांत माझं मत विचारलं गेलं. दोन्हीकडे मी वेगवेगळं मत दिलं. बहिणीकडे टू-स्ट्रोकच्या बाजूने बोलले आणि सोसायटीत तिच्या विरुद्ध. त्यावरून "बाईंचं काही खरं नाही" अशी कुजबुज झाल्याचं कानावर आलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडं इंजिनाविषयी. हे मला भांडुपच्या एका मेस्त्रीने १९८०च्या आसपास समजावून दिलं होतं आणि आजतागायत त्यापेक्षा सोपं कुणी सांगितलेलं नाही. इंजिनाला चार कामं असतात. पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घ्यायचं, ते दाबायचं, पेटवायचं आणि जळका धूर बाहेर टाकायचा. फोर-स्ट्रोकमध्ये या प्रत्येक कामाला पिस्टनची एक स्वतंत्र खेप असते, म्हणून दोन फेऱ्यांत एकदाच भडका उडतो. टू-स्ट्रोकमध्ये चारही कामं दोन खेपांत उरकतात, म्हणून दर फेरीला भडका. तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद, आणि तीही चटकन. झडपा नाहीत, त्यांना हलवणारा कॅम नाही. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि पिस्टनच येता-जाता त्या उघडतो, झाकतो. म्हणून इंजिन हलकं, स्वस्त आणि कुणालाही खोलता येईल असं.

मग खोट कुठे? मेस्त्री म्हणाला, "बाई, लग्नातली पंगत समजा. पहिली पंगत उठायच्या आतच दुसरी पंगत आत घुसवायची, म्हणजे उठणाऱ्यांना ढकलायला वेगळा माणूस नको. पण त्या रेटारेटीत दोन-चार उपाशीपण बाहेर ढकलले जाणार ना?" टू-स्ट्रोकमध्ये जळका धूर बाहेर ढकलायचं काम नवं पेट्रोलच करतं आणि त्यातलं बरंच न जळता सायलेन्सरमधून निघून जातं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हे प्रमाण कधी कधी तीस टक्क्यांपर्यंत जायचं. दुसरी गोष्ट तेलाची. फोर-स्ट्रोकमध्ये तेल खाली वेगळं राहतं. टू-स्ट्रोकमध्ये त्याच जागेतून पेट्रोल-हवा जाते, म्हणून तेल पेट्रोलातच मिसळावं लागतं. ते धड जळत नाही. तोच तो निळा धूर.

लिटरला वीस मिली तेल, हे प्रमाण त्या वेळच्या स्कूटरवाल्यांना पाढ्यासारखं पाठ असे. पंपावरचा पोऱ्या मात्र पुष्कळदा हात सैल सोडायचा आणि गिऱ्हाईकही खूष व्हायचं. तेल जास्त म्हणजे इंजिनाला पौष्टिक, अशी समजूत होती. बाळाला तूप जास्त घालावं तसं.

आणि तरीही सांगते, मला माझी लूना फार आवडायची. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ साली अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) ती काढली, आणि माझ्यासारख्या कितीतरी शिक्षिका, नर्स, पोस्टातल्या बायका तिच्यामुळे कुणाच्या मागे न बसता कामाला जायला लागल्या. चेतक घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि ती तिरकी करून किक मारणं साडीत जमणं कठीण. लूना बंद पडली तर पायडल मारत घरी यायचं. माझ्या पर्समध्ये खडूच्या डबीशेजारी प्लगचा पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा असे. प्लग काढायचा, घासायचा, पदराला हात पुसायचे आणि तासाला वेळेवर हजर व्हायचं. हे स्वावलंबन मला फोर-स्ट्रोकने दिलं नाही. २००१ नंतर ॲक्टिवा आली, ती कधी बंदच पडत नाही; पण पडलीच तर मी काय करणार? फोन!

आता मोटोक्रॉस. हे सगळं मला नातवाने सांगितलं आणि मी नंतर पडताळून पाहिलं. जुनी सवय, पोरांनी सांगितलेलं एकदा तपासायचं.

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मोटोक्रॉसच्या मैदानावर टू-स्ट्रोकचं राज्य होतं. वजन कमी, ताकद झटक्यात. उडी मारायच्या आधी जो हिसका लागतो तो तिच्यात भरपूर. मोठा वर्ग २५० सीसीचा आणि धाकटा १२५चा. फोर-स्ट्रोक गाड्या जड, म्हाताऱ्यांच्या समजल्या जायच्या. मग अमेरिकेतल्या नियमांनी फोर-स्ट्रोकला मोकळीक दिली. २५०च्या टू-स्ट्रोकसमोर जवळजवळ दुपटीच्या आकाराची फोर-स्ट्रोक उतरवायला परवानगी. १९९७ साली डग हेन्री नावाच्या स्वाराने यामाहाच्या ४०० सीसीच्या फोर-स्ट्रोकवर लास वेगासची सुपरक्रॉस शर्यत जिंकली, आणि १९९८ मध्ये वायझेड ४०० एफवर अमेरिकेचं २५० वर्गाचं मोटोक्रॉस विजेतेपदही मिळवलं. पुढे २००४ साली जागतिक स्पर्धेचे वर्गच नव्याने मांडले गेले. वरच्या वर्गात २५०च्या टू-स्ट्रोकसमोर ४५०ची फोर-स्ट्रोक, खालच्या वर्गात १२५समोर २५०. होंडाने तर २००७च्या मॉडेलनंतर आपल्या मोटोक्रॉसच्या टू-स्ट्रोक गाड्या बंदच केल्या.

म्हणजे बघा, टू-स्ट्रोक हरली ती कुणाकडून? आपल्या दुप्पट आकाराच्या भिडूकडून. आखाड्यात साठ किलोच्या पैलवानासमोर एकशे दहा किलोचा उभा केला आणि मग म्हणालो की साठ किलोचा डाव जुना झाला. नियम करणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. दर फेरीला भडका आणि दोन फेऱ्यांना एक भडका यांना एका मापाने मोजणं अन्यायाचं, हा विचार कागदावर चुकीचा नाही. शिवाय कंपन्यांना रस्त्यावरच्या गाड्या फोर-स्ट्रोकच विकायच्या होत्या, कॅलिफोर्नियाने रानावनात चालवायच्या गाड्यांनाही धुराचे नियम लावले होते. पण सवलत कमजोराला उभं राहण्यापुरती द्यायची असते. तो पुढे निघून गेला तरी तेच ग्रेस मार्क चालू ठेवायचे, असं आमच्या शाळेत कुठल्याच परीक्षेत केलं नसतं.

लहान मुलांच्या ६५ आणि ८५ सीसीच्या गाड्या मात्र जगभर अजूनही टू-स्ट्रोकच आहेत. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत झाली, तेव्हा मोठ्यांचे वर्ग ४५० आणि २५०चे होते आणि मुलांचा ८५चा. नातू बघायला गेला होता. त्याच रात्री त्याचा फोन.

"मावशीआजी, मोठे सगळे फोर-स्ट्रोकवर होते. मलाही तीच हवी."

मी विचारलं, "तुझ्या १२५वर तुला अजून काय येत नाही?"

जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "कोपऱ्यात गिअर चुकतो. मग ताकद पडते."

हेच मला हवं होतं. १२५ची टू-स्ट्रोक एका ठरावीक फिरण्यातच ताकद देते. त्याच्या खाली आली की गाडी मेली. म्हणून स्वाराला सतत गिअर आणि क्लच यांच्याशी खेळत, वेग न सोडता वळावं लागतं. चुकलं की लगेच कळतं. २५०ची फोर-स्ट्रोक खालपासून ओढत राहते, चूक पोटात घालते. शुद्धलेखन न तपासणाऱ्या शिक्षकासारखी. मुलाला बरं वाटतं, पण अक्षर सुधारत नाही.

आणि खर्च. हा खरा मुद्दा होता, त्याच्या वडिलांच्या कपाळावरच्या आठ्यांचा. शर्यतीच्या टू-स्ट्रोकचा पिस्टन आणि रिंगा बाप-लेक रविवारी दुपारी वर्कशॉपमध्ये बदलतात. नातवाला वयाच्या तेराव्या वर्षापासून ते येतं. शर्यतीच्या फोर-स्ट्रोकमध्ये झडपा, त्यांच्या स्प्रिंगा, कॅम, साखळी असा संसार. तोही इतक्या वेगाने फिरणारा की तासांचा हिशेब ठेवून भाग बदलावे लागतात. त्यात झडप तुटून आत पडली तर पिस्टनपासून सिलिंडरच्या डोक्यापर्यंत सगळं जातं. सुटे भाग परदेशातून, वर जकात. गाडी घेण्याचं कर्ज एक वेळ फिटेल. ती जिवंत ठेवण्याचं फिटणार नाही.

म्हणून मी सांगितलं, अजून दोन वर्षं १२५वरच राहा. बहीण म्हणाली, मागे पडेल त्याचं काय? पडू दे थोडा. सोळाव्या वर्षी मागे पडलेला पोरगा अठराव्या वर्षी पुढे येऊ शकतो. कर्जात बुडालेलं वर्कशॉप मात्र बंद होतं, आणि मग पोराची १२५ही विकावी लागते. मैदानावर टू-स्ट्रोकचा धूर होतो, हे मला मान्य आहे. पण तिथे दहा-वीस गाड्या, मोकळं रान, आणि उभे असलेले सगळे स्वखुशीने आलेले.

आता आमच्या गल्लीकडे येते. इथे उभे असलेले स्वखुशीने आलेले नाहीत.

मुंबईत रिक्षा चालते ती फक्त उपनगरात. इकडे वांद्र्याच्या अलीकडे नाही आणि तिकडे सायनच्या. मुंबईचा नकाशा शिकवताना मी मुलांना हे सांगत असे, कारण पुस्तकात ते नसायचं. याचा अर्थ असा की विसाव्या शतकाची शेवटची वीस-पंचवीस वर्षं टू-स्ट्रोक रिक्षांचा जो काही धूर निघाला तो अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या आमच्या नाकांतून गेला. फोर्टातल्या लोकांना टॅक्सीचा धूर होता, रिक्षाचा नव्हता. आमची शाळा रस्त्याला लागून. सकाळी सव्वासातला खिडक्या उघडल्या की फळ्यावर लिहिलेलं मागच्या बाकावरून अंधुक दिसायचं. थंडीत तर विचारू नका. हजेरी घेताना "उपस्थित बाई"च्या मध्ये मध्ये खोकला. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका बाईंनी दम्यामुळे पन्नाशीच्या आतच नोकरी सोडली. तो धूर एकट्या रिक्षांचा नव्हता, डिझेलचे ट्रक होते, कारखाने होते, हे कबूल. पण निळा रंग कुणाचा होता ते ओळखायला विज्ञानाची पदवी लागत नव्हती.

१९९९ साली स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम या नागरिकांच्या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने त्या वेळचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल २००० साली आला, आणि त्यानंतरच्या आदेशांनी जुन्या टॅक्सी-रिक्षांना एक तर सीएनजीवर जावं लागलं किंवा रस्ता सोडावा लागला. त्याच सुमारास, एप्रिल २००० पासून, नव्या गाड्यांच्या धुराचे देशभरचे नियमही कडक झाले. टू-स्ट्रोक स्कूटर आणि मोटारसायकली हळूहळू दुकानांतून नाहीशा झाल्या. आरएक्स १०० तर त्याआधीच, १९९६ साली, बंद झाली होती. १९८५ ते १९९६, म्हणजे जेमतेम अकरा वर्षं ती निघाली. इतक्या थोड्या वर्षांत एवढे भक्त!

या बदलाचा खर्च कुणी केला, हे मात्र फारसं लिहिलं जात नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, वडील रिक्षा चालवायचे. जुनी रिक्षा स्वतःच्या मालकीची, तिची काही किंमत येईना. नव्या सीएनजी रिक्षासाठी पतपेढीचं कर्ज. त्या वर्षी मुलीचा गणिताचा क्लास बंद झाला. आम्ही दोघी-तिघी बाईंनी शाळा सुटल्यावर तिला शिकवलं, ते असो. वडील मला म्हणाले होते, "बाई, धूर सगळ्यांचा होता, हप्ता एकट्याचा." दोन वर्षांनी तेच गृहस्थ भेटले तेव्हा सांगत होते की सीएनजी स्वस्त पडतो, दिवसाअखेर हातात जास्त राहतं, आणि रात्री खोकला येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण हप्त्याची ती दोन वर्षं त्यांनी काढली, म्हणून आमच्या पोरांच्या छातीतला धूर कमी झाला. आणि आता हौस म्हणून कुणी तोच धूर त्याच गल्लीत परत आणतो, तेव्हा मला तो रिक्षावाला आठवतो. त्याला पोटासाठी जे करू दिलं नाही ते याला शौकासाठी का करू द्यायचं?

हे मी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला विचारलं. मुलगा गुणी आहे, उलट बोलला नाही. खिशातून पीयूसीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "बाई, पास आहे. सगळं कायदेशीर."

मी चष्मा लावून कागद वाचला. वाचकहो, तुम्हीही एकदा आपापला पीयूसी वाचून पाहा, त्यावर मोजलेला आकडा असतो आणि शेजारी मर्यादाही असते. न जळलेल्या पेट्रोलाची, म्हणजे हायड्रोकार्बनची, मर्यादा ३१ मार्च २००० पर्यंतच्या दुचाकी-तीनचाकींना आहे ९००० पीपीएम. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकला ६००० आणि फोर-स्ट्रोकला ४५००. म्हणजे याच्या आरएक्सला माझ्या पहिल्या ॲक्टिवाच्या बरोबर दुप्पट घाण सोडायची परवानगी!

आठवतं ना, मैदानावर फोर-स्ट्रोकला दुपटीची सवलत मिळाली ते? इथे गल्लीत टू-स्ट्रोकला मिळाली आहे. तिथल्या सवलतीने एक चांगली गाडी मागे पडली, कुणाचं नाक बंद झालं नाही. इथल्या सवलतीची किंमत पहिल्या मजल्यावरचे आजोबा मोजतात. २००४ साली ही मर्यादा लागू झाली तेव्हा जुन्या गाड्या लाखोंनी रस्त्यावर होत्या, त्या चालवणारे बहुतेक सामान्य नोकरदार होते, एका झटक्यात त्यांना घरी बसवणं अन्यायाचं झालं असतं. तेव्हाची सवलत मला मान्य आहे. पण आज १९९३ची टू-स्ट्रोक चालवणारा माणूस गरजेपोटी चालवत नाही. त्याने ती नव्या स्कूटरपेक्षा जास्त पैसे देऊन घेतलेली असते.

आणखी एक. पीयूसीत गाडी नुसती उभी ठेवून, इंजिन संथ चालवून मोजतात. आणि पेट्रोलच्या गाडीचे मोजतात ते कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. तो निळा धूर, म्हणजे तेलाचे बारीक थेंब, तो त्या कागदात कुठेच येत नाही. जे डोळ्यांना दिसतं, नाकाला कळतं, जिन्यात रेंगाळतं, तेवढंच नेमकं मोजायचं राहून जातं. आणि चेंबर लावलेला सायलेन्सर तर कुठल्याच कागदात बसत नाही, ते त्यालाही माहीत आहे.

"एका गाडीने काय होतंय, बाई? मेट्रोचं खोदकाम बघा, बिल्डरांची धूळ बघा, लाखो ॲक्टिवा बघा." हे म्हणणं मी सभेत तीन वेळा ऐकलं. धूळ आहे, खरं आहे. मुलुंडमध्ये पुनर्विकासाच्या इतक्या इमारती पडताहेत की गॅलरीतली तुळस रोज धुवावी लागते. फोर-स्ट्रोक म्हणजे गंगाजल नव्हे, हेही खरं. गाडीगणिक धूर कमी झाला पण गाड्याच इतक्या वाढल्या की हिशेब बिघडला. पण म्हणून जे सुधारलं तेही बिघडवा, हे कुठलं शास्त्र? वर्गात चाळीस मुलं बोलत असताना एकेचाळिसावा ओरडला तर त्याला मी गप्प बस म्हणणारच.

माझी सूचना साधी आहे. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर तिची वेगळी नोंदणी होते, आणि ती रोजच्या वापरासाठी नाही, प्रदर्शनाला वगैरेच बाहेर काढायची. आरएक्सला पन्नास वर्षं व्हायला अजून अवकाश आहे. पण दाट वस्तीच्या शहरांत वैयक्तिक हौसेच्या टू-स्ट्रोक गाड्यांना याच धर्तीचा नियम आत्ताच का लावू नये? गाडी ठेवा, पुसा, मिरवणुकीला काढा, मैदानावर पळवा. रोज रात्री दहाला वस्तीतून नको. मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. ज्याने ती इतक्या जिव्हाळ्याने बांधली, प्रत्येक नट स्वतः आवळला, त्याच्या हातातली विद्या मोडीत निघू नये असंच मला वाटतं. माझ्या पर्समधला तो प्लगचा पाना मी अजून टाकलेला नाही.

"मैदानावर पळवा म्हणता, पण मैदान कुठाय?" हे मात्र तो बरोबर बोलला. बोरिवली ते अंधेरी आणि मुलुंड ते घाटकोपर, एवढ्या मोठ्या मुलखात मातीवर अशी गाडी रीतसर पळवता येईल अशी एकही जागा नाही. क्रिकेटला आहे, फुटबॉलला आहे, छटपूजेला आणि दहीहंडीला आपण रस्तेसुद्धा देतो. नातवाला निदान पुण्याबाहेर एका शेतावर सराव मिळतो. इथल्या पोरांना रात्री पूर्व द्रुतगती मार्ग, आणि मग अपघाताची बातमी. पूर्व किनाऱ्याला मिठागरांच्या कडेने, बंद पडलेल्या कारखान्यांच्या आवारात पडीक जमीन आहे. ती बिल्डरकडे जायच्या आधी महिन्यातून दोन रविवार अशा मुलांना द्यायला काय हरकत आहे? आवाजाचा प्रश्न तिथेही येईल, फोर-स्ट्रोकचा खर्जातला आवाज तर टू-स्ट्रोकपेक्षा लांब जातो असं नातू सांगतो. तेव्हा वस्तीपासून लांब आणि दिवसाउजेडीच.

तसा अर्ज महापालिकेच्या टी विभाग कार्यालयात द्यायचं ठरलं आहे. मसुदा मी लिहून देते आहे, सह्या त्याने आणि त्याच्या आरएक्सवाल्या मित्रांनी करायच्या. कंपनीचा सायलेन्सर परत बसवायचं त्याने कबूल केलं. मैदान मिळालं तर गाडी घरापासून तिथपर्यंत टेम्पोत घालून न्यायची, चालवत नाही, असं पहिलंच कलम मी घातलं आहे. ते अजून त्याला पटलेलं नाही. रविवारी पुन्हा बसणार आहोत.